सुरकुती नसलेली चादर

पोरींना घेऊन परगावी मुक्कामाला जायचं म्हणजे काय, हे ज्याने कधी नेलं नाही त्याला सांगून कळत नाही. मी खो-खो शिकवते. पेडण्यातल्या एका शाळेत माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्ती जवळ आली आहे, गुडघे तर माझ्याआधीच निवृत्त झाले. इतक्या वर्षांत मैदानं पुष्कळ पाहिली, पण डोळे मिटले की मला मैदानं दिसत नाहीत, लॉजचे जिने दिसतात. पायऱ्या उंच, उजेड कमी, आणि वरून हाका. टीचर, नळाला पाणी नाही. टीचर, हिला उलटी होतेय. टीचर, ही घरी फोन लागत नाही म्हणून रडतेय.

आईबाप बरोबर नसलेल्या पोरांना खोली द्यायची म्हटलं की लॉजवाल्याचं तोंड कडू होतं. "आवय-बापूय खंय?" हा पहिला प्रश्न. मी आहे ना, म्हटलं की मला वरपासून खालपर्यंत बघणार. मग प्रत्येकीचं आधार कार्ड, प्रत्येकीच्या बापाचा फोन नंबर, संमतीपत्र. आमच्या शाळेचे सर मुलांचा संघ नेतात, त्यांना कोणी इतकं विचारत नाही. त्यांची पोरं सतरंजीवर आडवी झाली की विषय संपला. पोरी म्हणजे काचेची भांडी, असं समजून वागणाऱ्या लोकांचा मला उभा जन्म कंटाळा येत आला, आणि आता त्या कंटाळ्याचाही कंटाळा आला आहे. पण हे मी लॉजवाल्याला सांगत बसत नाही. मला सही करून पाठ टेकायची असते.

डिचोलीचा तो मुक्काम अशाच मुक्कामांपैकी एक होता. राज्याच्या मुलींचा संघ निवडायचा होता, त्याआधी आठवडाभराचं शिबिर आणि शेवटी निवडीचा सामना. पहाटे सराव, परत संध्याकाळी सराव. आमच्या पेडण्यातल्या, किनाऱ्यावरच्या केरीहून डिचोलीला रोज ये-जा करायची तर पोरगी बसमध्येच म्हातारी होईल. म्हणून लांबच्या मुलींची सोय बाजाराजवळच्या एका लॉजवर केली होती. आमच्या तालुक्यातल्या मुलींबरोबर मी.

त्या मुलींत एक केरीची होती. सोळा वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलायला कमी. खांबाला वळसा घालताना तिचा हात खांबाला जेमतेम टेकायचा आणि ती दुसऱ्या बाजूला असायची. असा खेळाडू शिक्षकाच्या वाट्याला केव्हातरी एकदा येतो. माझ्या हातची एकही पोर तोवर राज्याच्या संघात गेली नव्हती. ही जाणार, हे मला तिच्या आठवीतच कळलं होतं, आणि मी ते कोणाला बोलले नव्हते, कारण आपल्याकडे बोललं की दृष्ट लागते.

तिला शिबिराला आणायला मी तिच्या घरी खेटे घातले. तिचा बाप मूळचा सिंधुदुर्गातला. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा केरीला बायकोच्या गावी येऊन राहिला आणि मासळीचा टेम्पो चालवू लागला. मी लॉजचं नाव काढलं. तसा तो म्हणाला, "टीचर, डिचोलीचे लॉज माका ठाव असत. मी थंय दिवस काढलेत."

त्या काळात डिचोलीच्या लॉजांतून ट्रकवाले, मुकादम, ठेकेदार राहायचे. दारू, पत्ते, मारामाऱ्या, आणि मुलीच्या बापाला मुलीसमोर बोलता येणार नाही असं बाकीचं सगळं. मी म्हटलं, आता तसं नाही हो. आता लग्नाची वऱ्हाडं उतरतात तिथे. तो मान हलवत राहिला. होय की नाही, ते मानेवरून कळेना.

तिची आई किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करते. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं धुवायची, टॉवेल लावायचे. हंगामात माणसं कमी पडली की रविवारी मुलगीही तिच्याबरोबर मदतीला जायची. आई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "जांवदे तिका. मी जल्मभर लोकांच्या रूमी करतंय. माझा चेडू चार दिस रूमात निजांदे."

दुसऱ्या दिवशी सही केलेलं संमतीपत्र शाळेत पोचलं.

पहिल्या संध्याकाळी मी मुलींना जिन्यातच उभं करून भाषण दिलं. हॉटेल आहे म्हणून महाराणीसारखं लोळायचं नाही. कपडे खुर्चीवर टांगायचे नाहीत. आपापलं अंथरूण आपण आवरायचं. पसारा दिसला तर खालून मला बोलावणं येईल आणि माझे गुडघे तुम्हाला शिव्या देतील. पोरी हसल्या. हे भाषण मी इतकी वर्षं देत आले आहे की झोपेत उठवलं तरी म्हणेन.

केरीची मुलगी खोलीत शिरली आणि दाराशीच थांबली. मग पलंगाजवळ जाऊन तिने गादीचा कोपरा उचलला, चादर बघितली आणि माझ्याकडे वळून हसली. "टीचर, हेंनी चादर नुसती घातल्या. खोवूकच नाय." मी म्हटलं, तू आता गिऱ्हाईक आहेस, गप झोप. ती पलंगावर बसली, जरा उडी मारून पाहिली, आणि तिच्या खोलीतली दुसरी मुलगी खो-खो हसत सुटली. मला त्या दोघींना बघून बरं वाटलं. तिच्या आईचं म्हणणं खरं झालं, असं मनात आलं. मी खाली माझ्या खोलीत जाऊन गुडघ्यांना तेल लावलं आणि झोपले.

सरावात ती चांगलीच चमकली. निवड करणाऱ्यांतल्या एका बाईंनी मला तिचं गाव विचारलं. गाव विचारलं म्हणजे काय ते आम्हा शिक्षकांना कळतं.

निवडीच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटेचा सराव आटोपून लॉजवर परतलो. भाजी-पाव खायचा, अंघोळी करायच्या, पडायचं, एवढाच विचार. गल्ल्याजवळ लॉजचा मॅनेजर उभा होता. मुलींना वर जाऊ दिलं आणि मला थांबवलं.

"टीचर, तुमचें एक चेडूं राती रुमांत नासलें."

रात्री खोलीत नव्हती? मला आधी अर्थच लागेना. त्याने समजावून सांगितलं. आईबापांशिवाय आलेली पोरं असली की तो रोज सकाळी सफाईवाल्याला खोल्या बघायला पाठवतो. काल दुपारी चादरी बदलल्या होत्या, आणि आज बदलीवर आलेला सफाईवाला सांगत आला की केरीच्या मुलीचा पलंग जसाच्या तसा आहे. चादरीवर एक सुरकुती नाही. उशी फुगलेली, टॉवेल घडी घालून पायथ्याशी. तिथे रात्री कोणी झोपलेलंच नाही.

मी म्हटलं, ती अंथरूण आवरते. तिची आई हॉटेलात तेच काम करते, पोर रविवारी बरोबर जाते. मीच सगळ्यांना आवरायला सांगितलं आहे. तो म्हणाला, बाकीच्यांनीही आवरलं आहे, पण नुसतं पांघरूण घडी करून. असा पलंग त्याने पाहिला नव्हता.

"आधी मला का नाही विचारलंत?"

"तुमी सकयल न्हिदतात. वयलें तुमकां कितें खबर?"

मी खाली झोपते, वरचं मला काय ठाऊक. हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मग तो म्हणाला की त्याने मुलीच्या घरी फोन केला आहे. नेम आसा, टीचर, म्हणाला. आईबाप बरोबर नसले तर पहिलं घरी कळवायचं.

मला राग आला. त्याच्या गल्ल्यावरची घंटा उचलून त्याच्याच टेबलावर आपटावी असं वाटलं. पण तो वाईट माणूस नव्हता, आणि हेच अशा वेळी जड जातं. मागे एकदा कॉलेजची दोन पोरं त्याच्या लॉजवरून पळून गेली होती आणि त्याने कितीतरी दिवस पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर काढले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून पिणारच. त्याच्या फुंकरीत आमची पोर उडून चालली होती, एवढंच.

मी मुलीला खाली बोलावलं. तिच्या खोलीतली मुलगीही बरोबर आली. तिने आईची शपथ घेऊन सांगितलं की आम्ही दोघी रात्रभर इथेच होतो, ही झोपेत माझ्याशी बोललीसुद्धा. मॅनेजरने हात हलवला. मैत्रिणी मैत्रिणींना सांभाळून घेतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

केरीची मुलगी शांत होती. "मी खंयच गेलंय नाय. थंयच निजलंय. सकाळी उठान बेड केलंय." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "बाबांक फोन केल्यानी?"

मी होय म्हटलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. तोवर तिला ही नुसती चूक वाटत होती.

मी वर जाऊन पलंग पाहिला. दोन पलंग शेजारी शेजारी. एकावर पांघरुणाची गबाळी घडी आणि खाली लोंबणारी चादर, जशी कोणत्याही सोळा वर्षांच्या पोरीची असते. दुसरा इतका नीट की बसायला संकोच वाटावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरच नव्हता. नुसता संन्यासी होता आणि फाशी तयार होती.

आईबाप मासळीच्या टेम्पोतूनच आले. टेम्पो लॉजसमोर लागला, मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं. आईच्या अंगावर रिसॉर्टचा निळा कोट तसाच होता. बाप मुलीकडे बघून म्हणाला, "जेवलंस काय गे?" ती नाही म्हणाली.

आई सरळ वर गेली, आम्ही सगळे तिच्या मागे. तिने पलंगाकडे पाहिलं, वाकून गादीचा कोपरा उचलला. चादर खाली तिरपी दुमडून घट्ट खोवलेली होती. उशीच्या अभ्र्याचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं. "हो माझो हात," ती म्हणाली. मग खोवलेला कोपरा ओढून काढला आणि मॅनेजरला दाखवला. "दादा, तुमचो माणूस अशी चादर खोवता? बाजूचो बेड बघा. तुवालो बघा. ह्या माझ्या चेडवान केल्ला. तेना शिकवल्ल्यान नाय, मी शिकवलंय."

मॅनेजरने दोन्ही पलंग पाहिले. चष्मा काढला, पुसला. "आसूं येता," म्हणाला. असेल. मग खाली मान घालून चूक झाली म्हणाला. तुमच्या घरी पुन्हा फोन करून सांगतो म्हणाला.

बाप इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "घरी कोणाक करश्यात? आमी दोगांय हंय आसव." आणि मग, आवाज अजिबात न चढवता, "तुमचो फोन इलो तेवा मी धक्क्यार होतंय. हात बर्फात. टेम्पोवरच्या पोराक म्हटलंय फोन घे, तेना स्पीकरार घातल्यान. तेवा थंय होते तितक्या सगळ्यांका परत फोन करश्यात?"

धक्क्यावर सकाळी कोण असतं ते मला ठाऊक आहे. मी चोपड्याची, नदीकाठची. मासळी घ्यायला आलेल्या बायका, जाळी आवरणारे, उगाच आलेले. तिथे बोललेलं दुपारपर्यंत खाडीपलीकडे तेरेखोलला पोचतं आणि पोचेपर्यंत त्याला पाय, हात, शिंगं फुटतात.

मी बापाला बाजूला घेतलं. उद्या सामना आहे, म्हटलं. ती निवडली जाणार आहे, मला माहीत आहे. एक दिवस द्या. आजची रात्र मी तिच्याच खोलीत झोपते. पाहिजे तर तुम्ही दोघं इथे राहा. मी हात जोडले, असं म्हणायला हरकत नाही. एवढ्या वर्षांत कोणत्याही पोरीसाठी मी इतकी अजिजी केली नव्हती.

तो म्हणाला, "टीचर, माझो तिच्यार इस्वास आसा. माका चादर बघूची गरज नाय होती."

"मग?"

"हंय ठेवलंय तर म्हणतले, बापाक लाज नाय. घरा न्हेलंय तर म्हणतले, कायतरी आसतलाच. दोनी बाजून तेंचाच खरा. मगे घरा न्हेल्ला बरा. निदान डोळ्यांसमोर तरी रवात."

मी यावर भांडायला हवं होतं की काय, याचा मी नंतर विचार केला नाही, कारण भांडून काही होणार नव्हतं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं आणि त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, या दोन्ही गोष्टी मला एकदम कळत होत्या. अशा वेळी माणूस फक्त थकतो.

मुलीने पिशवी भरली. खेळायचे बूट ती वर्तमानपत्रात गुंडाळत होती, तेवढ्यात तिची आई सवयीने पलंगाशी वाकली आणि मघाशी ओढून काढलेला कोपरा परत खोवू लागली.

"आये, रवांदे," मुलगी म्हणाली. "तशीच रवांदे ती."

आईने हात मागे घेतला.

टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं बसली, मुलगी मध्ये. बाकीच्या पोरी वरच्या खिडकीतून बघत होत्या. मी हात केला की नाही, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सामना झाला, आमच्या मुलींतली एक राखीव म्हणून संघात गेली. मला आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही.

गावात बोलणं झालं ते झालंच. मग कोणाचं तरी लग्न मोडलं, कोणाची तरी जमीन दिल्लीवाल्याने घेतली, आणि लोकांची तोंडं तिकडे वळली. पण तोवर मुलगी मैदानावर यायची थांबली होती. मी एकदा केरीला गेले. बापाने खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. फार चांगला वागला. मुलगी आतून बाहेर आली, बरी आहे म्हणाली, पेडण्याला कॉमर्सला जाते म्हणाली. खो-खो हा शब्द त्या घरात कोणी काढला नाही, मीसुद्धा नाही.

शिबिरं चालूच आहेत. पोरी बदलतात, लॉज तेच. आता मी वरच्या मजल्यावर मुलींच्या शेजारची खोली घेते आणि गुडघ्यांना गप्प बसायला सांगते. जिन्यातलं भाषणही बदललं आहे. पसारा करू नका हे आहे, पण अंथरूण आवरायचं नाही. पोरी खूश होतात, असली टीचर आम्हाला दर वर्षी मिळो म्हणतात. तरी एखादी असतेच, घरची सवय असलेली. म्हणून सरावाला निघताना मुली खाली बूट बांधत असल्या की मी सगळ्या खोल्यांतून फिरते. कुठे नीट घातलेली चादर दिसली की ओढते, उशीवर कोपर दाबून खळगा करते, पांघरूण अर्धं खाली लोंबतं ठेवते. खेळाच्या शिक्षिकेचं हे काम आहे असं कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

एकदा एक छोटी मुलगी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत वर आली आणि दारातच थबकली. "टीचर, मी आत्ताच नीट करून गेले होते." मी म्हटलं, माहीत आहे बाळ, चल. तिला वाटलं असेल, म्हातारी चळली.

यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी केरीच्या बसथांब्यावर मला त्या मुलीची आई भेटली. निळा कोट, हातात पिशवी, कामावर निघाली होती. मी मुलीची चौकशी केली.

"बरी आसा," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पन टीचर, आता ती आंथरूण काडणा नाय. आदी कशी, उठल्याबरोबर चादर झाडून घडी. आता उठता आनी जाता. सगळा तसाच विस्कटलेला."

मी विचारलं, तुम्ही काही बोलत नाही तिला?

"काय बोलू?" तिने बस येते का म्हणून रस्त्याकडे पाहिलं. "कामार जावच्या आदी मीच काडून ठेयतंय. दिसाक इतक्या गिऱ्हायकांचा करतंय मा, तेतू आनी एक गिऱ्हाईक."